शनिवारसाठी चपलेचा पाय

"मॅडम, ह्ये बूट काढता आलं पायजेत. शनवारपतूर."

गुरुवारी सकाळी साडेदहाला हवालदार हणमंत माझ्या वर्कशॉपमधल्या दोन समांतर दांड्यांच्या मधे उभा राहून मला हे सांगत होता. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा, पँटीत खोचलेला. पँटची घडी अशी की हात लावायला भीती वाटावी. पट्ट्याचं बक्कल चमकत होतं. आणि बूट इतके काळेभोर की मी वाकले तेव्हा त्यात मला माझा चष्मा दिसला.

"मग काढा की," मी म्हटलं. "त्याला माझी परवानगी कशाला?"

तो खुर्चीवर बसला, बूट काढले, परत दांड्यांमध्ये आला. एक पाऊल टाकलं आणि मागे झुकला. दोन्ही हातांनी दांड्या पकडल्या म्हणून वाचला.

"ह्ये असं व्हतंय," तो म्हणाला.

मी प्रोस्थेटिस्ट आहे, म्हणजे कृत्रिम हातपाय बनवणारी. मिरजेत दवाखाने भरपूर, त्यामुळे आमच्यासारख्यांनाही काम भरपूर. लोक मला डॉक्टर म्हणतात, मी नाही म्हणते, ते पुन्हा डॉक्टर म्हणतात. अठ्ठावीस वर्षं हेच चाललंय. सुरुवातीला पुरुषमाणसं बाईसमोर पँट गुडघ्यावर घ्यायला लाजायची. आता मीच इतकी म्हातारी झालेय की कुणी लाजत नाही.

हणमंत लोणंदजवळच्या एका गावचा. वय अडतीस. सैन्यात होता. डावा पाय गुडघ्याखाली वीतभर राहिलाय, त्याखालचा गेला. आता शिरवळला एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. त्याचा पहिला पाय सैन्याच्या सेंटरमध्ये झालेला आणि उत्तम झालेला. पलटणीतला एक दोस्त सांगलीत राहतो, त्याच्या ओळखीने तो दोनदा माझ्याकडे किरकोळ दुरुस्तीला आला होता. या वेळी सेंटरला का गेला नाही, असं मी विचारलं तर म्हणाला, "तितं कारण लिवून द्यावं लागतंय."

आता तो मागे का झुकला ते सांगते. बुटाला टाच असते. मापून बघा, दीड-दोन सेंटिमीटर तरी असतेच. तुमचा-माझा घोटा वाकतो, त्यामुळे बूट काढले काय आणि घातले काय, आपल्याला पत्ता लागत नाही. कृत्रिम पायाचा घोटा तसा वाकत नाही. आम्ही तो एका विशिष्ट टाचेसाठी बसवून देतो. त्या टाचेचे बूट काढले की टाच खाली जाते, अख्खा पाय मागे कलतो आणि माणूस गुडघ्यातून मागे ढकलला जातो. म्हणून आमच्याकडे नियम आहे, एका पायाला एकाच उंचीचं पायताण.

हणमंतचा पाय बुटासाठी बसवलेला होता. आणि त्या पायाला बोटं नव्हती. म्हणजे आकार पावलाचा, पण पुढे नुसता गुळगुळीत रबर. बुटात जायचं तर बोटं कशाला?

"शनिवारी काय आहे?" मी विचारलं.

"सांगलीत एकांना भेटायचं हाय."

"एकांना म्हणजे?"

"हायत एक. कृषी सहायक हायत. कवठे महांकाळच्या."

"बाई?"

"व्हय."

"दोघंच भेटणार?"

"व्हय."

"मग डेट म्हणा की सरळ!"

"न्हाई न्हाई मॅडम," त्याचे कान लाल झाले. "भेट हाय. डेट पोरंपोरी करत्यात."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. स्थळ त्याच्या मामाने आणलेलं. बाईंचं नाव सुजाता, वय चौतीस, पहिलं लग्न दीड वर्षात मोडलेलं. दोन्ही घरचं बोलणं झालं होतं, पण घरची माणसं बैठकीला बसायच्या आधी आपण दोघांनी एकदा भेटू, असं बाईंनीच सुचवलं. तीन आठवडे फोनवर बोलणं चालू होतं. जागाही त्यांनीच ठरवली. शनिवारी अकराला सांगलीत गणपतीच्या देवळात भेटायचं, दर्शन घ्यायचं आणि मग विश्रामबागेत एका कॅफेत कॉफी.

"मी म्हणलं व्हय. कॅफेत काय, पाय टेबलाखाली. फोन ठिवला आन् मग ध्यानात आलं. देवळात बूट काढाय लागत्यात."

पंधरा वर्षं नोकरी केलेला माणूस. निघायच्या आधी रस्ता, पूल, ओढा, सगळं तपासायची सवय. पण देवळाच्या दारात चपला काढतात हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. पाय गेल्यापासून तो देवळात गेलाच नव्हता, बाहेरूनच हात जोडायचा. मला हसू आलं, पण मी ते गिळलं.

"आन् कपड्याचं येगळंच," तो म्हणाला. मामाचं म्हणणं सफारी घाल, माणूस वजनदार दिसतो. पुतणी कॉलेजात आहे, तिने याला या पांढऱ्या शर्टात बघितलं आणि म्हणाली, काका, तुम्ही सलामी द्यायला चाललाय काय? कॅज्युअल घाला. "मॅडम, तुमी शिकलेल्या हाय. कॅज्युअल म्हंजी नेमकं किती? आमच्यात सिव्हिल ड्रेसला बी नियम असत्यात. हितं कुणी लिवून देत न्हाई."

प्रश्न रास्त होता. मला कपड्यांतलं काही कळत नाही, मी बारा महिने ॲप्रनमध्ये असते. पण एक आठवलं. आमचे हे मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी त्यांना नवा कोट घातला होता. दारात बूट काढले आणि मोज्यातून अंगठा बाहेर आला. मी पोह्यांची बशी घेऊन आले तर हे तो अंगठा दुसऱ्या पायाखाली लपवत होते. कोट कुठल्या रंगाचा होता, मला आजतागायत आठवत नाही.

"कपड्यांचं नंतर बघू," मी म्हटलं. "लोक शर्टापासून सुरुवात करतात. आपण टाचेपासून करू."

कपाटात सपाट पायताणासाठीचं एक पाऊल होतं. बोटंवालं, अंगठ्याशेजारी फट असलेलं. माप बरोबर. नवं मागवलं असतं तर आठवडा गेला असता, तेव्हा हेच नशीब. एकच खोट होती. ही पावलं ठरावीक रंगांतच येतात, आणि हे जरा उजळ होतं. हणमंतचा उजवा पाय उन्हाने रापलेला. दोन्ही शेजारी ठेवले तर एक पाय घरजावई आणि एक पाय गडी.

त्याने दोन्हीकडे नीट बघितलं. "मॅडम, पुतणीकडं गोरं व्हायचं क्रीम हाय. उजव्याला लावू काय? दोन दिस हायत."

"काही नको. पँट लांब ठेवू, नुसती बोटं दिसतील. देवळात लोक देवाकडे बघतात."

पाऊल बदललं. पायाच्या नळीखाली चार बारीक स्क्रू असतात, ते ॲलन कीने, म्हणजे छोट्या षट्कोनी पान्याने, फिरवले की पाय पुढे-मागे, आत-बाहेर कलतो. पाव फेरा फिरवायचा, माणसाला चालवायचं, बघायचं, पुन्हा पाव फेरा. लोकांना वाटतं आम्ही पाय बनवतो. खरं तर निम्मा वेळ आम्ही लोकांना चालताना बघत बसतो. दुपारपर्यंत हणमंत अनवाणी सरळ उभा राहिला. मग त्याने पिशवीतून चामड्याच्या चपला काढल्या, नव्याकोऱ्या, करकरणाऱ्या. चार पावलं झोकात टाकली. पाचव्या पावलाला डावी चप्पल मागेच राहिली आणि तो पुढे गेला.

"बोटं आहेत, पण ती चप्पल धरत नाहीत," मी म्हटलं. "मागे पट्टा पाहिजे. फ्लोटर घ्या."

मग जीन्स. पुतणीने पसंत केलेली, खाली निमुळती. घोटा वाकत नसला की असल्या पँटीतून पाऊल बाहेर येतच नाही. आधी पँट कृत्रिम पायावर चढवायची, मग पाय घालायचा, असं करावं लागतं. त्याने तेही करून बघितलं. पडद्याआडून बराच वेळ नुसता श्वासांचा आवाज आला, आणि मग, "मॅडम, अडकलो."

शेवटी ठरलं ते असं. ढगळ, सुती, राखाडी पँट, कारण पाय घालता येतो. तपकिरी फ्लोटर, कारण टाच सपाट आणि मागे पट्टा. आणि या दोन्हींवर पांढरा शर्ट खोचून घातला तर माणूस वर बँकेत आणि खाली बाजारात निघालेला दिसतो. म्हणून फिकट निळा साधा शर्ट, बाहेर सोडलेला. हे सगळं मी नाही ठरवलं. टाचेने ठरवलं.

शुक्रवारी तो सगळं घालून आला. शर्ट बाहेर होता, पण त्यालाही घडी घालून आणली होती.

मी त्याला रस्त्यावर घेऊन गेले. दांड्यांमध्ये सगळेच नीट चालतात, खरी परीक्षा रस्त्यावर. खड्डा, गटारावरची फरशी, मधेच आडवी आलेली रिक्षा. मी दहा पावलं मागे राहून बघत होते. डावं-उजवं सारखं. खांदा झुकत नव्हता. समोरून दोन बाया आल्या, त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि गेल्या. आमच्या धंद्यात कुणाच्या लक्षात न येणं हीच शाबासकी. माझा जीव सुपाएवढा झाला.

कोपऱ्यावर चहा घेतला. मी खुशीत होते. "उद्या बघा, त्यांना शंकासुद्धा येणार नाही," मी म्हटलं आणि मलाच काहीतरी खटकलं. "म्हणजे, त्यांना माहीत आहेच ना पायाचं?"

हणमंत चहाकडे बघत राहिला.

"मामांनी सांगितलंय," तो म्हणाला.

"काय सांगितलंय?"

"पायाला गोळी लागलीती. आता एकदम ओके हाय."

गोळीबिळी काही नव्हती. गाडी घाटात उलटली होती, हे त्याने पहिल्या भेटीतच मला सांगितलं होतं. पण गावाकडे सैनिकाचा पाय नुसत्या ट्रकमुळे गेला, हे कुणालाच आवडत नाही. मामांनी गोळी घातली, आणि 'गेला' हा शब्द गाळला.

"आणि तुम्ही? तीन आठवडे फोनवर बोलताय."

"त्यांनी एकदा इचारलं, गोळी कुठल्या पायाला लागलीती. माज्या तोंडातनं निगालं, डाव्या. बास. तितं फसलो. त्याच्या म्होरं सांगायचं म्हणलं की जीभच उचलत न्हाई."

"त्यांचं पहिलं लग्न का मोडलं?"

त्याने कप फिरवून दांडी स्वतःकडे केली. मग म्हणाला, "त्या नवऱ्याचं आधीचं एक लगीन व्हतं. बायको, पोरगं, सगळं. ह्यांना सहा महिन्यांनी कळलं. त्या मला म्हणल्या, तुमचं जे काय असंल ते आधी सांगा. कितीबी मोठं असलं तरी चालंल. मागनं कळालं तर न्हाई चालायचं."

दोन दिवस मी काय करत होते? एका बाईपासून, जिने स्वच्छ शब्दांत एकच गोष्ट मागितली होती, ती गोष्ट लपवायला मदत करत होते. आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

"अरे, मग हे काय चालवलंयस तू?" मी म्हणाले. 'अहो'वरून 'अरे'वर कधी आले कळलं नाही. "आणि माझ्याकडून काय करून घेतोयस? आत्ता लाव फोन. इथे, माझ्यासमोर."

"फोनवर न्हाई."

"मग कधी? चप्पल काढायच्या आधी की नंतर?"

"कॉफी झाल्यावर. सांगणार हाय ताई. ठरीवलंय." मॅडमची ताई झाली होती, तेही मला तेव्हा कळलं नाही. "पर त्याच्या आधी एक तास पायजे."

"कशाला?"

त्याने कप खाली ठेवला. "पाच वरसं झाली. समोर माणूस आलं की आधी पायाकडं बगतंय, मग तोंडाकडं. आई बी. एक तास मला कुणीतरी नुसतं तोंडाकडं बगावं. मग सांगतो. मग जाऊ द्या गेली तर."

खरं सांगते, डोळे भरून आले आणि त्याचाच राग आला. ती बाई बरोबर होती. हाही चुकीचा म्हणवत नव्हता. पण हा जो तास मागत होता तो तिच्या खिशातून चालला होता, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

"तासाभराने सांगितलंस तरी ती तुला विचारणार, हा तासभर का नाही सांगितलंस," मी म्हटलं.

"व्हय. इचारंल."

वर्कशॉपवर परत आलो. पँट जरा आखूड पडत होती, मी खालची शिवण उसवून एक बोट लांब करून दिली. चिडलेली होते, पण काम अर्धवट सोडायची सवय नाही. जाताना तो नमस्कार करायला वाकला तर मी म्हटलं, "वाकू नको, उद्या सांग म्हणजे झालं."

शनिवारी माझ्याकडे तीन पेशंट होते. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. एका आजोबांच्या पायाचं माप मी दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा वेगळं आलं. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं. दुपारी दीडच्या सुमाराला कुलूप हातात घेतलं, तेवढ्यात दारात हणमंत. आणि त्याच्या मागे एक बाई. चॉकलेटी पंजाबी ड्रेस, खांद्याला ऑफिसची बॅग, पायातल्या सँडलवर शेतातली लाल धूळ. उन्हात फिरणाऱ्या माणसाचा चेहरा, शांत आणि जरा दमलेला.

"ह्यांचा पाय तुमी केला?" तिने विचारलं.

"हो."

"लय बेमालूम केलाय. मला कळलाच न्हाई."

ही शाबासकी होती की टोमणा, मला ठरवता येईना. "बसा," मी म्हटलं. "यात माझंही चुकलंय."

"बसतो. पाणी द्या आधी."

पाणी पिऊन तिने जे सांगितलं ते असं. देवळाच्या दारात दोघं भेटले. चपला स्टँडवर ठेवल्या. तिला काहीच वेगळं वाटलं नाही. माणूस सावकाश चालतो, सावकाश बोलतो, एवढंच. आणि शर्टाची घडी बघून हसू आलं, म्हणाली, घरातल्या कुणीतरी 'बाहेर सोड' म्हणून सांगितलेलं दिसतंय. दर्शन झालं, बाहेर निघाले. फरशीवर काथ्याची पट्टी अंथरलेली होती, पण तिच्यावरून एक नवीन जोडपं अख्ख्या वऱ्हाडासकट आत येत होतं. नवरीचा शालू, मागे करवल्या. यांना वाटलं बाजूने जाऊ. निम्म्यात आल्यावर दगड असा तापलेला की तिला पाऊल ठेववेना.

"मी नाचायलाच लागले," ती म्हणाली. "आन् ह्ये उजवा पाय उचलून डाव्यावर उभं. गप. बगळ्यावानी. मी म्हणलं, आवं, तुमाला भाजत न्हाई काय?"

हणमंत जमिनीकडे बघत होता. त्याने नंतर मला सांगितलं, की त्या क्षणी उत्तर अगदी ओठावर आलं होतं. 'आर्मीतली सवय हाय.' तीन शब्द. तिला पटलंही असतं. त्याचा तास सुरू होऊन जेमतेम वीस मिनिटं झाली होती, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"मग ह्ये म्हणलं," सुजाता म्हणाली, "माज्या डाव्या पायावर पाय द्या तुमचा. त्यो रबरी हाय. त्याला भाजत न्हाई."

"आणि तुम्ही?"

"दिला की! भाजत हुतं."

म्हणजे बघा. देवळाचं भर पटांगण, शेजारून वऱ्हाड चाललंय, आणि पहिल्यांदाच भेटलेली ही दोन माणसं. ती याच्या दंडाला धरून याच्या पायावर उभी. खाली बघून तिने विचारलं, कुठपर्यंत? त्याने गुडघ्याखाली बोट लावून दाखवलं. गोळीनं? न्हाई, ट्रक उलटला. गोळी मामांनी सांगितली. आणि मी 'डाव्या' म्हणलो, ती चूक माझी.

"मग?" मला राहवेना.

"मग काय? मला एकदम ध्यानात आलं, ह्यांचा दुसरा पाय तर खराच हाय. त्यो भाजत असंल की! मी म्हणलं, चला आधी सावलीला."

सावलीत गेल्यावर मात्र तिने त्याला सोडलं नाही. चांगला अर्धा तास झाडला. तीन आठवडे काय करत होता, 'डाव्या' म्हणताना लाज कशी वाटली नाही, सगळं. त्याने ऐकून घेतलं. तासाचंही सांगितलं. त्यावर तिने झाडणं थांबवलं. मग कॉफी प्यायले, आणि कॉफी पिता पिता ती म्हणाली, तो पाय मला नीट बघायचाय. ज्यांनी केला त्यांच्यासमोर बघायचाय, म्हणजे कुणी काही गाळणार नाही.

म्हणून दोघं माझ्याकडे आली होती.

हणमंत खुर्चीवर बसला. पँट त्याने स्वतःच वर घेतली. पाय काढून त्याने तिच्या हातात दिला. तिने तो कलम केलेलं रोप बघावं तसा सगळ्या बाजूंनी बघितला. वजन किती? पाणी चालतं? काळ्या रानात चिखलात रुतला तर? ढेकळांतून चालता येईल? मी एकेक सांगत गेले. पाणी या पावलाला चालत नाही. चिखलासाठी वेगळं पाऊल बसवता येतं. ढेकळांत काठी घ्यावी. घामाने आतली त्वचा सोलते, ती रोज बघावी लागते, आणि मागची बाजू स्वतःला दिसत नाही, आरसा धरावा लागतो. मी काही गाळलं नाही. दोन दिवसांची भरपाई होती ती.

तिने शेवटी वीतभर राहिलेल्या पायाकडे बघितलं, मग सरळ त्याच्या तोंडाकडे.

"रात्री काढून कुठं ठेवता?"

"कॉटखाली," हणमंत म्हणाला.

"खाली नको. उंदीर कुरतडत्यात. खुंटी मारावी लागंल."

हणमंतचे कान परवासारखेच लाल झाले. मी ॲलन की उगीच पुसत बसले. सुजाताने पाय त्याच्या मांडीवर ठेवला आणि बॅगेतून रुमाल काढून स्वतःचा घाम पुसला, जणू काही फार मोठं बोललीच नव्हती.

दिवाळीनंतर त्यांचं लग्न झालं. लग्नात मामा पाहुण्यांना गोळीचं सांगत होते आणि सुजाता प्रत्येकाला शेजारी उभी राहून ट्रकचं सांगत होती. मी नंतर हणमंतला एकदा छेडलं, तासभर मागितला होतास, वीस मिनिटंच मिळाली. म्हणाला, "पुरली ताई. त्याच्या म्होरं बी त्या तोंडाकडंच बगत हुत्या. मलाच म्हाईत नव्हतं."

मी माझ्यात एक सुधारणा केली. पूर्वी नव्या पेशंटला मी उंची, वजन आणि पायताण विचारायची. आता चौथा प्रश्न विचारते, घरात कुणाकुणाला माहीत आहे? उत्तर ऐकून मग माप घेते. बेमालूम पाय करणं सोडलेलं नाही, ते माझं काम आहे. पण तो कुणापासून लपवायला करतेय, ते आधी कळलेलं बरं.

हल्ली तरणी पोरंही येतात, त्यांचेही भेटायचे कार्यक्रम असतात, आणि तीही विचारतात, मॅडम, पहिल्या भेटीला काय घालू? कपड्यांतलं मला अजूनही कळत नाही. वर काय घालायचं ते घाला म्हणते. पायात मात्र असं घाला, जे समोरच्या माणसापुढे काढता येईल.